इस्त्रीखालचा दाखला

आमच्या घरात लॅमिनेशन न झालेल्या गोष्टी दोनच, मासे आणि मी. बाकी सगळं प्लॅस्टिकमध्ये. रेशनकार्ड, मुलीचं लसीकरणाचं कार्ड, बायकोचं शिवणक्लासचं प्रमाणपत्र, इतकंच काय, सत्यनारायणाच्या सामानाची यादीसुद्धा. यात माझा दोष नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलो. रत्नागिरीत पावसाळ्यात कपाट उघडलं की आतून बुरशीच आधी बाहेर येते. त्यात मी वीस वर्षं बोटीवर काढलेली, इंजिनरूममध्ये. बोटीवरच्या माणसाचा कागद भिजला म्हणजे माणूसच बुडाला. बंदरावरचा साहेब तुमच्याकडे बघतच नाही, कागदाकडे बघतो. त्यामुळे हाती कागद आला की माझे पाय आपोआप झेरॉक्सवाल्याकडे वळतात. या पायांनीच पुढे घात केला.

गोष्ट माझ्या मुलीच्या शाळेची आहे. म्हणजे शाळा सोडण्याची.

ती आठवीत होती. विज्ञानाच्या तासाला सरांनी सांगितलं की माशांना खवले असतात. मुलगी म्हणाली, शिंगाळ्याला नसतात. सर म्हणाले, पुस्तकात आहे ते लिही. दुसऱ्या दिवशी ही बया डब्यात शिंगाळा घेऊन गेली. तोही आदल्या दिवशीचा. माझी मोठी बहीण बंदरावर मासे विकते, तिच्याकडून मागून आणलेला. वर्गात डबा उघडल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. मुलीला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. डबा कुठे गेला ते आजही कळलेलं नाही. बायको अधूनमधून विचारते.

घरी येऊन मुलगी रडली आणि म्हणाली, "पप्पा, मला नको ती शाळा."

नेमका त्याच महिन्यात मी पुण्याला दोन दिवसांचं एक शिबिर करून आलो होतो. शाळेशिवाय शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचं. तिथे सगळे गोल करून जमिनीवर बसतात आणि कुणीच कुणाला शिकवत नाही. मला ते फार पटलं. मी स्वतः दहावीला दोनदा आपटलेला माणूस. इंजिन मला कुठल्या बाकावर बसून कळलं नाही, ते हात भाजून कळलं. घाटातून उतरताना एसटीत बसल्या बसल्या मी अर्ध्या शिक्षणखात्याला मनातल्या मनात घरी पाठवलं होतं. आणि घरी येतो तो समोर शिंगाळ्याचं प्रकरण तयार!

मी तसाच शाळेत गेलो. हेडसरांसमोर जे बोललो ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. "माझी मुलगी बाकाला बांधून ठेवायला शेळी नाही," हे त्यातलं एक वाक्य. बाकीची याहून वाईट होती. हेडसर शांतपणे ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "चहा घेता?" मी म्हणालो, "या शाळेचं पाणीही नको." बाहेर पडून नळावर पाणी प्यालो, तेही शाळेच्याच.

दोन दिवसांनी शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. संध्याकाळच्या आत तो प्लॅस्टिकमध्ये गेला.

मग सुरू झालं आमचं मुक्त शिक्षण. मुक्त म्हणजे काय, तर मी भिंतीवर तक्ता लावला. बोटीवर चार-चार तासांचे वॉच असतात, तसे वॉच. आठ ते बारा गणित आणि भाषा, बारा ते चार निरीक्षण. दर वॉचच्या सुरुवातीला मी घंटा वाजवत असे. घंटा पितळेची होती, बोटीवरून आणलेली. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, शाळेत निदान मधली सुट्टी तरी असते." आठवड्याने घंटेचा लोलक नाहीसा झाला. मुलीला विचारलं तर म्हणाली, "निरीक्षणात नव्हता."

तरी ती शिकली. हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण त्यात माझा हात नव्हता. पहाटे आत्याबरोबर बंदरावर जायची, होड्या लागल्या की उतरणारा मासा बघायची. वही करायची. कुठल्या महिन्यात कुठला मासा गाभोळीला, म्हणजे अंड्यांवर, येतो, किती लांबीचा, पोटात काय सापडलं. म्हाकुळाला तीन हृदयं असतात हे तिने मला जेवताना सांगितलं, माझ्या ताटात म्हाकूळ असताना. भरतीच्या वेळांवरून ती आकडेमोड शिकली. उधाण कधी, पाणी कधी मरतं, हे ती मला सांगायला लागली. मी वीस वर्षं समुद्रावर, पण इंजिनरूमला खिडकी नसते.

बंदरावर येणाऱ्या एका बाईंनी, त्या मत्स्यविज्ञान शिकवतात, तिची वही पाहिली आणि विचारलं, "डिप्लोमा करशील?" मुलगी त्या दिवशी घरी आली ती जमिनीवर पाय न टेकता. "पप्पा, मला हेच करायचंय." आणि डिप्लोमाला काय लागतं? दहावी.

शिबिरातल्या त्या गोलात मी दहावीला समाजाने मारलेला खिळा म्हटलं होतं. आता तोच खिळा शोधत फिरायची वेळ आली.

शाळेत न जाता दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो ऑनलाइन भरायचा, आणि मग छापील प्रत अन् मूळ दाखला संपर्क केंद्रात नेऊन द्यायचा. संपर्क केंद्र म्हणजे जवळची ठरवून दिलेली शाळा. आमची जवळची शाळा कुठली? बरोबर.

गणपती गेल्यावर आम्ही दोघं गेलो. मुदत संपायला आठ दिवस होते. हेडसरांच्या खोलीवरून मी वाकून गेलो, खिडकीखालून. मुलगी ताठ चालत होती. ऑफिसातल्या क्लार्क मॅडमनी दाखला हातात घेतला, वाकवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे काय केलंत?"

"जपला."

"अहो, यावर शेरा मारायचा असतो. शिक्का बसायला हवा." त्यांनी खरोखरच शिक्का उचलला, प्लॅस्टिकच्या कोपऱ्यावर मारला आणि अंगठ्याने पुसून दाखवला. सगळी शाई अंगठ्यावर. "बघा. बोर्डात चालणार नाही. दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. सरांना भेटा, चार दिवसांत होईल."

चार दिवसांत होणार होतं. फक्त सरांना भेटायचं होतं. मुलगी लगेच म्हणाली, "पप्पा, भेटू या ना."

मी म्हणालो, "काही गरज नाही. प्लॅस्टिक काय, आत्ता काढतो."

या वाक्यावर मला फटके मारायला हवे होते. इंजिनाचं अख्खं हेड उतरवलेला माणूस मी, एक पातळ प्लॅस्टिक काय उतरणार नाही! दुपारी जेवून सगळे आडवे झाल्यावर मी इस्त्री काढली. वर ओला पंचा घातला, हलकी इस्त्री फिरवली. सिद्धांत असा की उष्णतेने चिकटलं ते उष्णतेने सुटेल. सुटलं. वरचं प्लॅस्टिक साल निघावं तसं अलगद सुटलं. आणि त्याच्याबरोबर हेडसरांची सही, शाळेचा गोल शिक्का आणि मुलीच्या जन्मतारखेतला महिना, हे सगळं प्लॅस्टिकला चिकटून वर आलं. खाली राहिला एक पिवळा, फोड आलेला कागद. त्यावर माझ्या मुलीचं नाव होतं, पण ती कधी जन्मली ते नव्हतं.

मुलगी दारात उभी होती. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मागच्या दाराने आत्याकडे गेली.

संध्याकाळी बहीण आली. टोपली दारात आपटून म्हणाली, "काय रे, पोरीचा दाखला भाजलास? बांगडो वाटलो काय तुला?"

"चुकून झालं गो."

"चुकून! शाळा काढलीस ती चुकून, घंटा वाजवलीस ती चुकून. तुझं चुकून व्हायला पोरीचा जीव कशाला हवा? ती माझ्याकडे बसून रडते. बोलते, आत्या, यंदा नाय झालं तर अजून एक वर्ष."

एक वर्ष. माझ्या इस्त्रीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडसरांच्या दारात. बरोबर मुलगी होती आणि अर्ज होता. तीन पानी. त्यात दुय्यम दाखल्याची मागणी तिसऱ्या पानाच्या शेवटी होती, त्याआधी मुलांच्या स्वातंत्र्याबद्दल माझे विचार आणि मागच्या भेटीतल्या भाषेबद्दल खेद, पण मुद्द्याबद्दल नाही, असं काहीतरी. मुलीने तो बाहेर बाकावर बसून वाचला. मग वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या. 'मूळ दाखला खराब झाला आहे. सतरा नंबर फॉर्मसाठी दुय्यम प्रत मिळावी. मुदत जवळ आहे, कृपया लवकर द्यावी.' खाली सहीसाठी जागा सोडली आणि मला पेन दिलं.

हेडसरांनी अर्ज वाचला, भाजलेला दाखला उलटापालटा करून बघितला. "चहा घेणार ना या वेळी?"

"घेतो," मी म्हणालो. शिपायाने आणलेला चहा इतका गोड होता की तो मुद्दाम होता, असा माझा संशय आहे.

"प्रतिज्ञापत्र लागेल," हेडसर म्हणाले. "मूळ दाखला कसा नष्ट झाला ते लिहून."

त्यासाठी तहसील कचेरीत एक अख्खा दिवस गेला. टायपिस्टने विचारलं, "गहाळ लिहू ना? सगळे गहाळच लिहितात." मी म्हणालो, शपथेवर खोटं कसं लिहायचं? त्याने टाइप केलं, 'सदर दाखला माझ्याकडून इस्त्री करताना जळाला.' साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं आणि शेजारच्यालाही दाखवलं. मुलगी माझ्यापासून दोन पावलं दूर उभी होती, जणू आमची ओळख नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुय्यम प्रत तयार झाली. क्लार्क मॅडम जनरल रजिस्टर समोर ठेवून एकेक रकाना मोठ्याने वाचून ताडत होत्या. नाव, जन्मतारीख, शेवटची इयत्ता. मग, "शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या इच्छेनुसार."

मुलगी म्हणाली, "मॅडम, दाखवा जरा." तिने रजिस्टरवर बोट ठेवून ती ओळ वाचली. दाखल्यावर ती आधीही होती, पण माझ्या हातून तो प्लॅस्टिकमध्ये गेला आणि कपाटात गेला, तिने तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

"पप्पा, मी आठ दिवस म्हटलं होतं."

"काय?"

"त्या दिवशी. मी म्हटलं, मला नको ती शाळा. तुम्ही म्हणालात, किती दिवस नको? मी म्हटलं, आठ दिवस."

मी म्हणालो, नाही, तू तसं म्हणाली नव्हतीस. आणि म्हणता म्हणता मला ते ऐकू आलं. म्हणाली होती. स्वयंपाकघराच्या दारात, नाक ओढत. मी तेव्हा चपला घालत होतो. माझ्या डोक्यात शेळीचं वाक्य तयार होत होतं.

"मग तू परत जाते असं का नाही बोललीस?"

"तुम्ही हेडसरांना इतकं बोलून आलात. मी कशी जाणार होते?"

मॅडमनी मान खाली घालून शिक्का मारला. हा नीट बसला.

मला सांगता येत नाही, ती शाळेत राहिली असती तर ही वही झाली असती का. मी हे कुणाला विचारू? शिबिरवाल्यांना विचारलं तर ते म्हणतील, बघा, शिकली ना! हेडसर म्हणतील, आमच्याकडेही शिकली असती. दोघांचंही खरं वाटतं आणि दोघांचाही राग येतो. सगळ्यात जास्त राग मला माझा येतो, पण त्याचा उपयोग काय? ती दीड वर्षं तिने चांगली केली. पण सुरुवात तिची नव्हती, माझी होती. आणि मी जिथे तिथे सांगत फिरलो की आमची मुलगी स्वतःच्या मनाने शिकते.

फॉर्म भरून देताना तिने मला बाहेर बसवलं. "तुम्ही आत येऊ नका. बोलाल काहीतरी." मी बाहेरच्या बाकावर बसलो. पाचवी-सहावीतली दोन पोरं माझ्याकडे, शिक्षा झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघून गेली.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. हातात पोचपावती. मी हात पुढे केला. तिने ती स्वतःच्या वहीत ठेवली.

"झालं?"

"झालं. भूमिती राहिलीय माझी. तुम्हाला येते?"

"नाही."

"विज्ञानाचे सर गणितपण घेतात आता. आत होते. म्हणाले, दर शनिवारी ये, मी शिकवतो. मी हो म्हटलं."

"ते शिंगाळावाले?"

"हो. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी सगळी बघितली."

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी गाडीला किक मारली, ती सुरू झाली नाही, पुन्हा मारली. मुलगी मागे बसली आणि म्हणाली, "शनिवारी मी सायकलने येईन. तुम्ही नका येऊ."