होकायंत्राच्या बुटाची नाडी

ग्रंथालयात त्याला सगळे होकायंत्र म्हणत. नकाशांच्या खोलीत त्याची उभी हयात गेली होती. लांबरुंद, उथळ खणांची लोखंडी कपाटं, वर कापडाची खोळ, आत वासावरूनच जुने वाटावेत असे नकाशे. डोळे बांधले तरी हव्या त्या नकाशाचा खण तो उघडून देई. कोणी संशोधक नदीचं जुनं वळण शोधत आला की कपाटाकडे न बघता म्हणे, “खालून दुसरा खण. जपून ओढा, डावी कडी रुसलेली असते.” असा माणूस रस्ता चुकेल, असं कोणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

आणि तो रोज चुकत असे.

उत्तर दिशा कुठे, हे त्याला कागदावर कळायचं, कारण कागदावर ती वरच्या बाजूला असते. बाहेर रस्त्यावर वरच्या बाजूला आभाळ. स्वतःच्या कचेरीतसुद्धा हात धुवून आला की कधीकधी तो झाडूच्या खोलीत पोचायचा, आणि पोचलोच आहोत तर बघून घेऊ, अशा थाटात झाडू तपासून परत यायचा. आता नकाशाच्या माणसाने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. चौक आला की त्याच्या बुटाची नाडी सुटायची. तो वाकून ती बांधायचा, तोवर बरोबरचा माणूस पुढे होऊन योग्य दिशेला वळायचा आणि हा रुबाबात मागून. बायकोबरोबर तर संसारभर हेच चाललं होतं. तिला यातलं काही माहीत नाही, याची त्याला पुरेपूर खात्री होती. नवऱ्यांना अशा खात्र्या असतात.

गाडं अडलं ते संगणकामुळे. ग्रंथालयाने ठरवलं, शहराचा सगळ्यात जुना नकाशा संगणकात घालायचा आणि आजच्या नकाशावर नेमका बसवायचा, म्हणजे लोकांना आपलं घर कोणाच्या शेतात उभं आहे ते बघता येईल. त्यासाठी नव्यानेच आलेल्या संगणकाच्या मॅडमना तेव्हाही असलेल्या आणि आजही असलेल्या काही पक्क्या खुणा हव्या होत्या. जुना पूल, दगडी विहीर, घड्याळाचा मनोरा, शाळेच्या भिंतीचा कोपरा. प्रत्येक खुणेपाशी जाऊन, फोन हातात धरून एक बटण दाबायचं, की संगणकाला जागा कळली. तेवढ्या खिळ्यांवर तो जुना नकाशा ताणून बसवणार.

“जाणार कोण?” मॅडमनी विचारलं. सगळी बोटं होकायंत्राकडे वळली.

मुख्य ग्रंथपालांनी त्याला बाजूला घेतलं. “हे जमवा. नकाशांचा नवा विभाग निघतोय, प्रमुख तुम्हालाच करतो. नाही जमलं तर मात्र वरचे लोक म्हणतील, नकाशे संगणकात गेले, आता माणूस कशाला? मग तळघरात जुनी वर्तमानपत्रं आहेतच.” तो म्हणाला, “त्यात काय, रोजचंच आहे.”

सकाळी निघाला. नकाशा हातात धरला. वळण आलं की स्वतः वळायचं की नकाशा वळवायचा, या प्रश्नावर तो पहिल्याच कोपऱ्यावर अडला. शेवटी दोन्ही वळवलं. मनोरा काही सापडेना. पण एका घड्याळाच्या दुकानावर हे मोठं लाकडी घड्याळ लटकत होतं. मनोरा पाडून दुकान काढलं असणार, असं ठरवून त्याने बटण दाबलं. चौकातलं फुलझाडांचं गोल आळं दिसलं. विहीर बुजवून केलेलं दिसतंय. दाबलं. एका भाजीवाल्याला पूल विचारला, त्याने रुग्णालयासमोरचा पायी जाण्याचा लोखंडी पूल दाखवला. जुना वाटण्याइतका गंजलेला होता. दाबलं. शाळेचा कोपरा तेवढा खरा सापडला, तोही तो पाणी पिण्यासाठी टेकला म्हणून. घरी यायला टॅक्सी केली. “कुठून घेऊ?” असं चालकाने विचारताच हा आत बसल्या बसल्या नाडी बांधू लागला.

मॅडमनी खुणा तशाच चढवल्या. होकायंत्राने आणलेलं तपासायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं.

उद्घाटनाला सभागृह भरलं. त्याची बायकोही आली होती. खास या दिवसासाठी तिने त्याला नवे बूट घेतले होते. पडद्यावर आजचं शहर उमटलं, मग त्यावर जुना नकाशा हळूहळू उतरला, आणि लोकांच्या माना वाकड्या होऊ लागल्या. धुऊन पिळलेला टॉवेल उलगडायचा राहून जावा, तसं शहर दिसत होतं. नदी टेकडी चढून पलीकडे उतरली होती. मुख्य ग्रंथपालांच्या बैठकीच्या खोलीतून आगगाडी जात होती. ग्रंथालय स्मशानात होतं.

“हे आमचं घर नदीत का?” पहिल्या रांगेतले निवृत्त न्यायाधीश शांतपणे म्हणाले. “नळाला तर पाणी नसतं.”

चूक शोधायला मॅडमनी घाईघाईने काहीतरी दाबलं, आणि पडद्यावर एक लाल रेघ आली. मांजराने खेळून सोडलेल्या लोकरीसारखी ती सगळ्या शहरभर पसरली होती. एका चौकात तर तिने भोपळाच काढला होता.

“ही कसली रेघ?” मुख्य ग्रंथपालांनी विचारलं.

“काकांची,” मॅडम हळूच म्हणाल्या. “फोनमध्ये चाललेला रस्ताही नोंदला जातो. त्या दिवशी काका... असे चालले.”

होकायंत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाटं, खण, रुसलेली कडी, सगळं डोळ्यांपुढून तळघरात उतरताना दिसलं. त्याला दुसरं काही सुचलं नाही. तो नाडी बांधायला वाकला. नव्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. “रेघ त्यांचीच आहे, वेगळं विचारायला नको. घड्याळाच्या दुकानापाशी ते नेहमी चुकीचंच वळतात.”

“वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं?” मुख्य ग्रंथपालांनी विचारलं.

“लग्नाच्या दिवसापासून. हात धुवायला म्हणून गेले आणि शेजारच्या सभागृहात भलत्याच नवरीशेजारी उभे राहून शुभेच्छा घेत होते. मी जाऊन घेऊन आले.”

“मग कधी बोलला कशा नाहीत?”

“बोलून काय करायचं होतं? मी पुढे असतेच की.” मग ती मॅडमकडे वळली. “तो फोन द्या. उद्या मी नेते त्यांना. मला नकाशातलं ओ की ठो कळत नाही, पण रस्ते कळतात. खूण तीच का, ते हे सांगतील.”

दुसऱ्या दिवशी ती पुढे, तो मागे. विहीर एका धोबीखान्याच्या मागे पत्र्याखाली निघाली. पत्रा सरकवून त्याने आतली दगडी कड बघितली आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. “हीच. पूर्वेकडे एक चिरा बाहेर आहे बघ.” “पूर्व कुठे?” तिने विचारलं. “नकाशात उजवीकडे,” तो म्हणाला, आणि दोघंही इतकी हसली की धोबी बाहेर आला. पूल सापडला, मनोराही. बटणं दाबली गेली. मॅडमनी पुन्हा नकाशा बसवला तेव्हा नदी निमूटपणे टेकडीवरून उतरून आपल्या पात्रात जाऊन पडली.

“विभागाचे प्रमुख तुम्हीच,” मुख्य ग्रंथपाल म्हणाले. “बाहेरचं काम मात्र वहिनींना विचारल्याशिवाय करायचं नाही.”

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाली. त्याला हलकं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. इतकी वर्षं आपण नाडी बांधत राहिलो आणि ही इतकी वर्षं बघत राहिली. चौक आला. नाडी नव्हती तरी तो सवयीने वाकणार, तर तीच आधी वाकली होती, चपलेचा धडधाकट पट्टा नीट करत.

“व्हा तुम्ही पुढे,” ती मान वर न करता म्हणाली. “आलेच.”

त्याने चौकाच्या चारी बाजूंना बघितलं, छाती पुढे काढली आणि डावीकडे वळला. घर उजवीकडे होतं. ती उठली आणि त्याच्या मागोमाग चालू लागली.