लाल चौकटीतला रकाना

योगिनीच्या डाव्या कोपरावर पांढरा डाग होता, म्हणून ती ऐन उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कुर्ते घालायची. नाशकातल्या एका लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटच्या ऑफिसात ती फॉर्मची पानं सजवायची. त्यात 'त्वचाविकार असल्यास' असा एक ऐच्छिक रकाना होता. ऐच्छिक रकान्यांसाठी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, वेगळा नियम लिहिता येतो. तिनं तो मन लावून लिहिला होता: बारीक राखाडी रेघ, फिकट अक्षरं. स्थळ बघणाऱ्याची नजर तिथं थांबतच नसे. स्वतःच्या पानावर तो रकाना तिनं रिकामा ठेवला होता.

तिचं लग्न ठरलं होतं त्या इगतपुरीच्या रविराजनं डाग पाहिला होता. "आईला लग्नानंतर सांगू," असं तोच म्हणाला. साखरपुडा रविवारी होता.

मालक मयुरेश म्हणजे गोड बोलून केसानं गळा कापणारा. मंगळवारी तो तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला.

"ऐच्छिक रकाना रिकामा असला की लाल चौकट दाखव. कोण काय गाळतंय, कळू दे लोकांना."

"सर, ऐच्छिक म्हणजे रिकामा चालतो ना?"

"चालतो की! भरा असं मी कुठं म्हणतोय?" तो हसला. "तपासायला तुझंच पान घे." आणि त्यानं तिच्या बाहीकडं पाहिलं. ठाऊक होतं मेल्याला.

आपलं पान वगळायला तिला एक ओळ पुरली असती. तिनं ती लिहिलीही. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून पुसायला लावली. घर तिच्या पगारावर चालायचं, तिनं मुकाट्यानं पुसली.

गुरुवारी ऑफिसचा फोन वाजला. तो घेणंही तिच्याच गळ्यात होतं.

"मी इगतपुरीची सगुणाबाई, रविराजची आई. जावेला दाखवाया त्या योगिनीचं पान उघडलं, तर लाल चौकोन आलाय. काय हाय ते?"

बघण्याच्या कार्यक्रमात योगिनी जेमतेम चार शब्द बोलली होती. होणाऱ्या सासूला आवाज ओळखू आला नाही.

"ऐच्छिक आहे, काकू. भरलेलं नाही."

"काय झाकायचं असल तरच रिकामं ठेवत्यात ना?"

स्पीकरवर सगळं ऐकत समोर उभ्या मयुरेशनं मान डोलावली: हो म्हण.

योगिनीनं बाही मनगटापर्यंत ओढली. "हो," ती म्हणाली.

"लय उपकार झाले, पोरी," सगुणाबाई म्हणाल्या. "तुझं चांगलं होवो."