तीन जुन्या नावा आणि आईची जीभ

मी सहावीत होते. त्या वर्षी मार्चात अवेळी पाऊस आला आणि मिठागरातलं आमचं तयार मीठ एका दुपारी विरघळून गेलं. आईबाबा दिवाळीपासून उन्हात उभे राहून खाडीचं पाणी या आगरातून त्या आगरात फिरवत होते. पायांना भेगा, भेगांत मीठ. पाऊस थांबल्यावर बाबा बांधावर बसून राहिले. आई आगरात उतरली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"गोडं," एवढंच म्हणाली.

ते वर्ष आम्ही पेजेवर काढलं. बाबा म्हणाले, "पोरीला पन आगरात घेऊ." आई म्हणाली, "तिचं पाय फुटू देनार नाय मी." विषय संपला.

पुढे मी पेणच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पहिलीच. हे सांगताना माझा आवाज थोडा मोठा होतो, तो होऊ दे. धरमतरच्या खाडीवर शिडाच्या जुन्या नावा दुरुस्त करून विकणारी एक शेड आहे, तिथे कागदपत्रं बघायला लागले. नावा फायबरच्या, तीसेक फुटांच्या, मुंबईच्या हौशी लोकांनी वापरून सोडलेल्या. मालक चांगला माणूस. नाव कशी तपासायची ते त्यांनी मला हाताला धरून शिकवलं, आणि चार वर्षांनी म्हणाले, "आता अहवाल तू लिहायचा. सहीपण तुझी."

त्या पहिल्या अहवालाचं गिऱ्हाईक म्हणजे रोह्याचे एक काका-काकू. काकांची हयात कंपनीत शिफ्टा करण्यात गेलेली. आता रोह्यातलं घर विकून नावेवरच राहायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं आणि जमलं तर एखादी शर्यतही मारायची, असं त्यांनी ठरवलं होतं. घर जाणार म्हणजे परतायला जागा नाही. माझ्या कागदावर ते दोघं समुद्रात उतरणार होते.

धक्क्याला तीन नावा बांधलेल्या होत्या. पहिली शर्यतीची, अंगानं सडपातळ, उंच डोलकाठीची. काका तिच्यावरून उतरेचनात. काकू आत जाऊन वाकलेल्याच बाहेर आल्या. "यात मी उभी कधी राहायची? वेंगुर्ल्याला पोचल्यावर?"

दुसरी रुंद, नवा रंग दिलेली. आत उभं राहता येत होतं, स्वयंपाकाचा ओटा ऐसपैस. काकूंनी ओट्यावर हात फिरवला तेव्हाच मला कळलं, मन इथे बसलं. तिच्या तळात पेलाभर पाणी सापडायचं. मी पुसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेलाभर. ओट्याची टाकी झिरपत असेल, असं धरून मी पुढे गेले.

तिसरी जड, पाण्याखाली खोल जाणाऱ्या कण्याची, सावकाश चालणारी, रंग उडालेली; आत मात्र उभं राहता येत होतं. तिच्या तळात रोज अर्धी बादली पाणी. मी तिच्यावर फुली मारली आणि दुसरीची शिफारस करून अहवाल टाईप केला.

काका-काकू अहवाल न्यायला आले त्याच दुपारी आई माझा डबा घेऊन धक्क्यावर आली. दुसऱ्या नावेत डोकावली. तळातलं पाणी दिसलं तशी तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली. सगळ्यांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, अगं काय हे!"

"गोडं हाय गो."

"टाकीचं असेल."

"मग टाकी बग ना. कालेजात ह्ये नाय शिकिवलं?"

टाकी उघडली. कोरडी ठणठणीत. पाऊस जाऊन महिना झाला होता.

आई स्वतःच तिसऱ्या नावेत उतरली, तिथलंही पाणी चाखलं. "ह्ये खारं. खाडीचं. कुठून येतं ते दिसल तरी. गोडं पानी लपून बसतं. आपलं मीठ कुनी नेलं, इसारलीस?"

मी हातोडी घेतली आणि दुसऱ्या नावेचा डेक वीतवीत ठोकून पाहिला. नव्या रंगाखाली आवाज बद्द. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं, त्यात पावसाचं पाणी मुरून बसलं होतं आणि थेंबथेंब तळात उतरत होतं. डोलकाठीच्या तारा जिथे आवळलेल्या, तिथेच आवाज सगळ्यांत वाईट. भर वाऱ्यात तिथलं लाकूड सुटलं असतं तर डोलकाठी अंगावर आली असती. तिसरीचं पाणी मात्र इंजिनाच्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथल्या फटीतून शिरत होतं. फटीत ठासलेली जुनी दोरी काढून नवी भरली, थांबलं.

मी अहवाल काकूंच्या हातून परत घेतला. फाडला. पुन्हा लिहिला. त्यात एक ओळ घातली: 'तळातल्या पाण्याची चव घेतली. चव घेणारी माझी आई, मिठागर कामगार.' मालक म्हणाले, "ही ओळ काढ, लोक हसतील." मी म्हटलं, "हसू देत. खरी आहे."

सावकाश चालणारी म्हणून काका खट्टू झाले, पण त्यांनी तिसरी घेतली. मालकांनी दुसरीचा डेक उघडला तेव्हा आतलं लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. त्यांनी मला बोलावून ते दाखवलं आणि आईसाठी साडी दिली. तिनं ती घेतली आणि विचारलं, "शेट, आनखी कंची नाव चाखायची हाय?"

काका-काकूंना त्या नावेवर आता दोन वर्षं झाली. गोव्याला जाऊन आले. शर्यतीत काका शेवटून दुसरे आले, पेढे मात्र त्यांनी पहिल्यासारखे वाटले. धरमतरला लागले की काकू आईसाठी काहीतरी आणतात, आणि आई त्यांना सुका जवळा देते.

त्यानंतर मी तपासलेल्या प्रत्येक नावेच्या अहवालात पाण्याच्या चवीचा रकाना आहे. चव मीच घेते, आईनं शिकवल्याप्रमाणे. खाली सही माझी, नावापुढे बी.एस्सी. आईचे पाय अजून भेगाळलेले आहेत. माझे नाहीत.