खटक्याची अठरा शटरं

त्या पेठेत पोर बोलायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवायचे. अनोळखी माणसाच्या हातून काही खायचं नाही, ही एक. आणि आधी शटर, मग विचार, ही दुसरी. म्हणजे रस्त्याच्या तोंडाशी आरडाओरडा झाला, की कोण आलं, कुणाला मारताहेत, असल्या चौकशा करत बसायच्या नाहीत. आकडी अडकवायची, शटर खाली ओढायचं, आतून कडी घालायची. मग करा हवा तेवढा विचार, कोण नको म्हणतंय? ही रीत जुन्या दंगलींपासून चालत आलेली, आणि तिने पुष्कळ जीव वाचवले हेही खोटं नाही. एका टोकाला पहिलं शटर खडखडलं की अर्ध्या मिनिटात दुसऱ्या टोकाचं पडायचं. बाहेर राहिला तो राहिला.

खटका हा त्या पेठेचा शटरवाला. खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण बोट लागलं की उडायचा, म्हणून सगळे खटकाच म्हणत. शटर बसवणं, वाकलेल्या पट्ट्या ठोकून सरळ करणं, वरच्या पेटीतल्या स्प्रिंगला पीळ देणं, हा त्याचा धंदा. पीळ देण्याचं काम जिवावरचं. लोखंडी गज लावून स्प्रिंग फिरवायची, आणि हात घसरला तर तोच गज उलटा येऊन जबडा फोडतो. खटक्याचे पुढचे दोन दात असेच गेले होते. हसला की कामाची जाहिरात व्हायची.

घरात तो आणि त्याची ताई, बस्स. आई लवकर गेली तेव्हा ताई पंधराची आणि हा सात वर्षांचा. तिने याला वाढवला, शाळेत घातला, शाळेने बाहेर काढल्यावर कामाला लावला, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. ती कपडे शिवायची. तिचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, अगदी खटक्याच्या वर्कशॉपसमोर.

पेठ मेली ती दोन कारणांनी. हमरस्त्यावर थंडगार हवेचा मोठा मॉल झाला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं, हे एक. ते सोसलं असतं लोकांनी. पण एका बिल्डरला पेठेची सगळी जागा हवी होती, एकगठ्ठा, रिकामी. त्याने पैलवान नावाचा एक माणूस ठेवला. हा पैलवान कुठल्या आखाड्यात गेला नव्हता. त्याचा आखाडा म्हणजे हीच पेठ. महिन्या-दोन महिन्यांनी चार-पाच जण घेऊन यायचा, एका दुकानदाराला ओढून रस्त्यावर आणायचा आणि मोडायचा. एकालाच. बाकीची शटरं तोवर पडलेली असायची, आणि आतले लोक श्वास धरून बाहेरचे आवाज मोजत बसायचे. तो गेला की शटरं वर, पाणी, रिक्षा, दवाखाना, हळहळ. दुसऱ्या आठवड्यात ते दुकान बंद. चाळीसच्या वर दुकानं होती, त्यांतली शेवटी अठरा उरली.

एका दुपारी पाळी ताईची आली. ती आत नव्हती, नळावरून पाणी घेऊन येत होती. पैलवानाला बघून तिने कळशी टाकली आणि धावली. कुठे धावणार? भावाच्या वर्कशॉपकडे धावली. पेठेच्या टोकाला शटर खडखडलं होतं, आणि खटक्याच्या हाताने आपलं काम केलं होतं. ती पोचली तेव्हा शटर खाली होतं. तिने उजव्या तळव्याने पट्ट्या बडवल्या. त्या लोकांनी तिचा तोच हात त्याच शटरवर धरला आणि लोखंडी पायपाने तीन घाव घातले. पट्ट्यांना आतल्या बाजूला पोक आलं. खटक्याने ते पोक येताना पाहिलं.

हाताची बोटं वाकडी झाली ती झालीच. दुकान बंद झालं. ताई घरी बसली, डाव्या हाताने पोळ्या लाटायला शिकली. आणि इथे ऐका, ती त्याच्याशी बोलणं टाकून बसली असं मुळीच झालं नाही. जेवायला ये, साबण संपलाय, केस काप आता भूत दिसतोस, सगळं पूर्वीसारखं. फक्त त्या दुपारबद्दल अक्षर नाही. चार वर्षं नाही. खटका मात्र भेटेल त्याला सांगायचा, हात आपोआप गेला हो, कळायच्या आत गेला. लोक म्हणायचे, अरे आमचाही गेला असता. त्याला तेवढंच हवं असायचं. रात्री घरी येऊन ताईच्या समोर ताट घेऊन बसला की मात्र ताटातून मान वर काढायचा नाही.

चार वर्षांनी एके दिवशी ताईने आमटी वाढता वाढता सांगितलं की सोमवारी दुकान उघडतेय. खटका भडकला. वेड लागलंय का, मरायचंय का, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. ती म्हणाली, मीठ कमी आहे का बघ. गेले सहा महिने ती डाव्या हाताने कापड बेतायला शिकत होती, आणि या बाबाला पत्ता नव्हता. शटरला तेल घालून देतो म्हणाला, तर तिने हातसुद्धा लावू दिला नाही. शेजारच्या न्हाव्याला बोलावून उघडून घेतलं. हा न्हावी म्हणजे पेठेतला सगळ्यात बोलका प्राणी, दाढी अर्धी करून राजकारण पुरं करणारा. पहिल्या दिवशी तो स्वतःच एक फाटकी पँट घेऊन गिऱ्हाईक म्हणून गेला.

आणि गंमत बघा, बायका यायला लागल्या. मॉलमध्ये कपडे मिळतात, पण ढगळ कपडा अंगाबरोबर करून कोण देतं? ताईच्या दारात चार चपला दिसल्या तशी भांडीवाल्याने धूळ झटकली, घड्याळवाल्याने काच पुसली. अठरा दुकानांना पुन्हा आशा लागली. ती पैलवानालाही दिसली.

तो आला तो एकटाच, हसत. ताईची मोठी कात्री उचलली, मशीनवरच्या अर्ध्या शिवलेल्या फ्रॉकच्या हळूहळू पट्ट्या केल्या, आणि म्हणाला, शुक्रवारी दुपारी येतो, तेव्हा दुकान बंद दिसलं पाहिजे, नाहीतर या वेळी दुसरा हात आणि दोन्ही पाय. ताईने खटक्याला हे जेवताना सांगितलं, आणि वर सांगितलं की शुक्रवारी दुकान उघडं राहील.

खटका तीन रात्री झोपला नाही. शुक्रवारी काय होणार हे त्याला लिहून दिल्यासारखं दिसत होतं. पैलवान येणार, शटरं पडणार, ताई बाहेर. लोकांना जाऊन विनवावं तर सगळे माना डोलावतील आणि वेळेला हात आकडीकडेच जाईल. दुसऱ्यांना कशाला बोल लावा, त्याचा स्वतःचा जाईल. आपल्या हाताचा त्याला काडीचा भरवसा नव्हता.

शुक्रवारी सकाळी दुकानं उघडल्यावर तो शिडी खांद्यावर टाकून निघाला. म्हणाला, उन्हाळ्याआधी स्प्रिंगला तेल घालतोय सगळ्यांच्या. फुकट तेलाला कोण नाही म्हणतो? शटर वर गुंडाळलेलं असतं तेव्हा वरच्या पेटीत, नळकांड्याच्या टोकाला एक भोक असतं, दुरुस्तीच्या वेळी ते धरून ठेवायला. त्यात बोटभर जाड खिळा ठोकला की दहा माणसं लोंबकळली तरी शटर खाली येत नाही. पहिला खिळा त्याने स्वतःच्या शटरला ठोकला. मग एकेक करत सगळ्यांना. ताईचं दुकान सोडून अठरा. न्हाव्याने खालून विचारलं, एवढी ठोकाठोक कसली रे तेलाला? खटका म्हणाला, गंज आहे. न्हावी म्हणाला, तुझ्या डोक्याला, आणि त्याला चहा पाजला.

दुपारी पैलवान सहा जणांना घेऊन आला. टोकाच्या घड्याळवाल्याने पाहिलं, आकडी अडकवली, ओढली. शटर हललं नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढली, लोंबकळला, पाय जमिनीवरून सुटले. पलीकडे भांडीवाला तेच करत होता. रस्ताभर अठरा माणसं आकड्यांना लटकून झोके घेत होती, आणि कुणाला दुसऱ्याकडे बघायला सवड नव्हती. खटक्याचा हातही गेलाच होता आकडीकडे. गेला, ओढून पाहिलं, आणि मग त्याने आकडी फेकून गज उचलला.

पैलवानाच्या माणसांना उघडी दुकानं बघायची सवय नव्हती. त्यांनाही जोर चढला. एक जण भांड्यांच्या दुकानात शिरला आणि मांडण्या आडव्या करायला लागला. भांडीवाला गयावया करत मागे सरकत भिंतीला टेकला. आता मागे जागाच नव्हती. तेव्हा त्याने हाताला आला तो खलबत्त्याचा बत्ता त्या माणसाच्या तोंडात हाणला. दात फरशीवर उडाले. घड्याळवाला, ज्याने जन्मात कुणाला अरे केलं नव्हतं, काउंटरवरून उडी मारून एकाच्या पाठीवर बसला आणि त्याचा कान चावून तोडला. नंतर तो म्हणायचा, मला काही आठवत नाही. आठवत कसं नाही, कान थुंकला होतास की बाबा रस्त्यात.

खटका ताईच्या दाराकडे धावला. पैलवान उंबऱ्यातच होता, ताईच्या केसांना धरून. खटक्याने गज फिरवला तो गुडघ्यावर. काड्कन आवाज झाला. पडता पडता पैलवानाने पाइप चालवला, खटक्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं, दुसऱ्या घावाने बरगड्या. तिसरा डोक्यात बसायचा, पण मध्ये न्हावी आला. वस्तरा हातात तसाच, गळ्यात गिऱ्हाइकाचा टॉवेल. तो घाव न्हाव्याच्या कानशिलावर बसला आणि तो जागच्या जागी बसला, दुकानात बसावा तसा.

पुढे जे झालं ते चांगलं नव्हतं. माणूस घाबरून मारायला लागला की त्याला थांबता येत नाही. पैलवान पडल्यावरही दहा-बारा जण त्याला मारत राहिले, वजनमापांनी, स्टुलांनी, लाथांनी. त्याचा एक डोळा गेला, दुसऱ्या गुडघ्याचाही चुरा झाला. शेवटी ताईच ओरडली की पुरे, मेला तर तुम्हीच अडकाल, तेव्हा लोक भानावर आले आणि दोघे-तिघे गटाराशी जाऊन ओकले. न्हावी दुसऱ्या दिवशी पहाटे गेला.

खटका दवाखान्यात पट्ट्या बांधून पडलेला असताना पहिला घड्याळवाला आला. इकडेतिकडे बघत कानाशी लागला. म्हणाला, काल शटर अडकलं रे माझं, म्हणून राहिलो उघडा, बाकीचे सगळे छातीने उभे राहिले, कुणाला सांगू नकोस, लाज वाटते. तो गेला, भांडीवाला आला. तेच. संध्याकाळपर्यंत सोळा जण येऊन गेले. प्रत्येकाला वाटत होतं अडकलं ते आपलंच, बाकीच्यांनी हिमतीने उघडं ठेवलं. खटक्याला हसू येत होतं आणि हसलं की बरगड्या जीव घेत होत्या.

खिळे काढायला तो उठू शकेपर्यंत चार दिवस गेले. चार दिवस, चार रात्री एकही दुकान बंद होऊ शकलं नाही. लोक दिवे लावून राखण करत बसले, कुणी पत्ते काढले, कुणी डबे आणले. आसपासच्या वस्त्यांतले लोक मारामारीची जागा बघायला आले, आणि बघायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जातो का? कुणी डबा घेतला, कुणी घड्याळाचा पट्टा. न्हाव्याच्या खुनापायी आत गेलेल्या पैलवानाने तुरुंगात तोंड उघडलं, बिल्डर दुसरं शहर बघायला गेला. वर्षभरात तीस दुकानं झाली, दुसऱ्या वर्षी चाळीसच्या वर. बेकरी आली, सायकलवाला आला, पायऱ्यांवर कॉलेजची पोरं बसायला लागली. आमच्या पेठेने शटर पाडलं नाही, असं लोक छाती काढून सांगायला लागले. न्हाव्याच्या बायकोने वस्तरा हातात घेतला आणि सलून चालू ठेवलं. खटका तिच्या दारावरून जाताना रस्ता ओलांडायचा.

दीड वर्ष त्याने हे पोटात ठेवलं. मग एका दुपारी ताईच्या दुकानात जाऊन मशीनसमोर उभा राहिला आणि सगळं ओकला. खिळे मी ठोकले. न्हावी आत राहिला असता, जगला असता. मी मारला त्याला.

ताईने मशीन थांबवलं. म्हणाली, "खिळे तू ठोकलेस हे मला त्याच दिवशी कळलं. अठरा शटरं एकदम अडकतात होय रे? मला ते नकोय ऐकायला."

"मग काय हवंय?"

"त्या दिवशी तुझा हात आपोआप गेला. गावभर सांगतोस, आणि ते खरंच आहे, माझाही गेला असता. पण मी नंतर हाका मारल्या तुला. तीन हाका. तेवढं सांग. ऐकू आल्या होत्या?"

खटक्याने खाली बघितलं. "आल्या."

"मी आहे हे कळलं?"

"कळलं, ताई."

"मग?"

"मग मी आकडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. बाहेरून कुणी उचलू नये म्हणून."

ताई उठली आणि तिने वाकड्या बोटांच्या त्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. हाडं नीट जुळलेली नव्हती, तिलाच कळ आली, तरी तिने दुसऱ्यांदा मारली. त्याचा ओठ फुटला. मग ती खाली बसली आणि हात मांडीत धरून रडली, आणि खटका तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. बाहेर दोन बायका शिवायचे कपडे घेऊन थांबल्या होत्या, त्या मुकाट्याने पायरीवर बसल्या.

बऱ्याच वेळाने ताईने कापडाच्या चिंधीने त्याचा ओठ पुसला. म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तू खोटं सांगशील. म्हणून विचारत नव्हते." मग चिंधी टाकून म्हणाली, "आता न्हाव्याच्या बायकोकडे जा. खिळ्याचं तिला सांग. तिने वस्तरा चालवला तर चालवू दे."

खटका उठला. रस्ता भरलेला होता, वाट काढत सलूनपाशी पोचायला त्याला वेळ लागला. न्हाव्याची बायको एका म्हाताऱ्याची दाढी करत होती. तिने मानेनेच बस म्हणून खूण केली, आणि खटका बाकावर दोन गिऱ्हाइकांच्या मागे नंबर धरून बसला.