पुढे घेतली की बाद

१३ नोव्हेंबर, गुरुवार. आजचं काम: नाश्त्याचा गाडा निघोज्याहून महाळुंग्याला न्यायचा, जागेवर उलटा लावायचा आणि हे माझं मला जमतं का ते बघायचं.

गुरुवार मुद्दाम धरला होता. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या बऱ्याच लहान कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते. रस्त्याला कंटेनर कमी, शिफ्टच्या बस कमी, आणि चुकलं तर बघायला माणसंही कमी. शुक्रवारी सकाळी गाडा उघडायचा हे ठरलेलं होतं. पोहे, बटाटे, शेंगदाणे सगळं आणून झालं होतं.

मी बरीच वर्षं एका कंपनीचं कँटीन सांभाळत होते. उन्हाळ्यात ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने स्वतःची माणसं आणली. वाईट वाटून घेण्यात दोन-तीन दिवस गेले, मग मी निघोज्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याला गाठलं. गाडा त्याने चांगला केला. दोन चाकं, वर पत्र्याची खोली, पुढच्या अंगाला उचलून टेकवायची खिडकी, तिच्या खाली लोखंडी दांडी. आमच्या जुन्या डिझेल गाडीला मागे हूक बसवला, दांडी त्यात अडकते. शिवाय दोन साखळ्या, म्हणजे हूक निसटलाच तर गाडा रस्त्याने एकटा पळणार नाही. गाड्याचे मागचे दिवे गाडीच्या वायरला जोडले. कागदपत्रांचे हेलपाटे झाले, ते सांगत बसत नाही.

खरी अडचण जागेची होती. जागा माझ्या धाकट्या जावेच्या मामेभावाची, महाळुंग्यात एका कंपनीच्या गेटसमोरच्या गल्लीत. एका अंगाला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला विजेच्या डीपीचं कुंपण. मधल्या खाचेत गाडा बसतो आणि दोन्हीकडे वीतभर उरतं. सरळ तोंडाने आत शिरलं तर खिडकी आतल्या बाजूला येते आणि गाडी आत अडकते. म्हणून उलटंच जायला हवं. मालकाची अट अशी की रस्त्यावर काही उभं करायचं नाही आणि रात्री जागेवर काही ठेवायचं नाही. म्हणजे रोज सकाळी लावायचा, रोज दुपारी काढायचा.

हे रोज करणार कोण? डोळ्याच्या ऑपरेशननंतर नवऱ्याने गाडी चालवणं सोडलंय. दीर म्हणाले, मी आहे ना. ते निघोज्यालाच राहतात, शेती बघून महाळुंग्याच्या एका कंपनीत कामाला जातात. पण त्यांची शिफ्ट आठवड्याला बदलते. शिफ्ट बदलून घेईन, सायबाला सांगेन, असं ते म्हणत होते. ते बोलतात ते करतातही. तरी दुसऱ्याच्या शिफ्टवर स्वतःचा धंदा उभा करायचा नाही एवढं मला कळत होतं. गाडा मला एकटीला उलटा लावता आला तर धंदा, नाही तर नाही.

सकाळी निगडीच्या घरून आम्ही दोघं निघोज्याला पोचलो तेव्हा दिरांनी सामान भरायला घेतलं होतं. दोन सिलिंडर, लोखंडी शेगडी, पाण्याचे भरलेले ड्रम, पातेली, बटाट्याची गोणी. जड तेवढं सगळं दांडीकडच्या टोकाला. मी विचारलं तर म्हणाले, "वजन पुढंच लागतं, वैनी. त्याबिगर चाकं जमीन धरत न्हाईत." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं खरंच तसं असतं. वजन ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांवर आलं की ती मातीत बसतात आणि ओढतात. आमच्या गाडीची चाकं तेवढी नाहीत. दांडी हुकात बसवली तशी गाडीची शेपटी खाली गेली आणि नाक वर आलं. दिवे लावून पाहिले तर उजेड शेजारच्यांच्या वरच्या गॅलरीत. अंगणातच थोडी पुढे घेऊन पाहिली, स्टिअरिंग हातात हलकं लागत होतं. पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली.

मग नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. पुढे जड होतंय ना, मग मागे टाका. ड्रम आणि शेगडी मागच्या टोकाला गेली. गाडी सपाट दिसायला लागली. मला ते फारसं पटलं नव्हतं, पण दिसायला ठीक होतं आणि उशीर होत होता, म्हणून निघालो. मी चालवायला, शेजारी दीर, मागे नवरा आणि धाकटी जाऊ. जागेच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे होती आणि नसती तरी ती आलीच असती.

गावाचा रस्ता संपेपर्यंत काही नाही. मोकळा पट्टा लागला, थोडा वेग आला आणि आरशात गाडा डावीकडून डोकावला, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. प्रत्येक खेपेला जरा जास्त. गाडी मागून ओढल्यासारखी व्हायला लागली. दीर म्हणाले, ब्रेक मारा. मी मारला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग कमी झाला तसा गाडा आपोआप शांत झाला. कडेला घेतली. मग जाऊ म्हणाली, "आक्का, बैलानं शेपूट हलवावं तसं करत व्हतं ते."

सगळं उतरवलं. ड्रम रिकामे केले, जागेवर नळ आहे तर पाणी वाहून न्यायचं कशाला हे आधीच सुचायला हवं होतं. शेगडी आणि सिलिंडर चाकांच्या वर, किंचित पुढे, उभे आणि दोरीने दोन्हीकडून आवळून. बटाटे त्यांच्या पुढे. पातेली आणि पोह्यांच्या पिशव्या मागे. मग दांडी हुकातून काढून हाताने उचलून पाहिली. उचलायला जोर लागला, पण उचलली. तेवढंच हवं होतं. परत जोडली, साखळ्या लावल्या, दीर मागे जाऊन दिवे बघून आले. त्यानंतर महाळुंग्यापर्यंत गाडा आहे की नाही हे कळलंही नाही.

गल्ली मोकळी होती. जावेने फाटक उघडलं. पहिली पाळी दिरांची, ते ओघानेच आलं. गावच्या यात्रेत ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी चालवायची स्पर्धा असते. चुन्याच्या दोन रेघांमधून ट्रॉली मागे मागे नेऊन खुंटांच्या मधे उभी करायची. दिरांनी ती दोनदा जिंकलेली आहे. ढाल टीव्हीच्या शेजारी असते. वाळूने भरलेली ट्रॉली मागे घेताना ते सुपारी कातरतात, असं गावात सांगतात. मी पाहिलेलं नाही, पण खोटं नसावं.

ते बसले, डोकं खिडकीबाहेर काढलं, एक हात स्टिअरिंगवर. नवरा मागे जाऊन पत्र्यावर थाप मारत येऊ द्या, येऊ द्या म्हणायला लागला. गाडा दोन हात सरळ गेला आणि एकदम कोयत्यासारखा मिटला. दीर स्टिअरिंग उलट फिरवत राहिले, तो आणखी मिटला. पत्र्याचा कोपरा गाडीच्या मागच्या दिव्याला लागला, काच तडकली. पुन्हा मांडणी केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. प्रत्येक वेळी ते मागेच जात राहायचे. गाडा भिंतीला टेकला तरी पुढे घ्यायचे नाहीत, आहे त्या जागी स्टिअरिंग फिरवून तिढा सोडवायला बघायचे, आणि शेवटी आम्ही दांडी सोडून गाडा हाताने सरळ करायचो.

जाऊ डीपीच्या कुंपणाशी उभी होती. तिने स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे दिरांना, विचारलं, "अवं, ढाल घरीच ठिवून आलाव व्हय?"

दीर हसले नाहीत. खाली उतरून गाड्याभोवती फिरले, दांडीची लांबी पावलांनी मोजली. मग मला म्हणाले की ट्रॉली लांब असते, ती सावकाश वळते, तिला सावरायला वेळ मिळतो. हा आखूड आहे, याला हात लावला की फिरतोच. ते बरोबर होतं. पण मला दुसरंच काही दिसलं होतं.

"भाऊजी, तो वाकडा व्हायला लागला की जरा पुढे का नाही घेत? सरळ होईल की."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पुढं घेतली की बाद, वैनी."

"इथे बाद करायला कोण बसलंय?"

जाऊ हसायला लागली. नवराही हसला. दीर नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनी आयुष्यात कधी उलट्या ट्रॉलीला मधेच पुढे घेतलेलं नसावं, यात्रेत नाही आणि शेतातही नाही. एकदा मागे निघालं की मागेच. स्पर्धेचा नियम तिथेच सोडून यायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि इतकी वर्षं तशी गरजही पडली नव्हती.

मी बसले. आधी दोन गोष्टी ठरवून घेतल्या. मागे एकच माणूस उभा राहील, दीर, आणि तेही मला उजव्या आरशात दिसतील अशा जागी. ते दिसेनासे झाले की मी थांबणार. बोलायचं कोणीच नाही. हात वर केला की थांबायचं, एवढीच खूण. नवऱ्याला मी चहा आणायला पाठवलं. थाप मारायची सवय त्याची सुटणार नव्हती.

हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, हे मी मोबाइलवर एका व्हिडिओत पाहिलं होतं. खालचा हात डावीकडे नेला की गाड्याची शेपटी डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. डोक्याला उलटसुलट हिशोब करावा लागत नाही. क्लच अर्धा, पाय ब्रेकवर, चालण्यापेक्षाही हळू. गाडा आरशात एका बाजूला जास्त दिसायला लागला की थांबायचं, पुढे घ्यायचं, सरळ करायचं, पुन्हा मागे.

पहिल्यांदा मी इतक्या वेळा पुढे घेतली की नवरा चहा घेऊन परत आला तरी मी गल्लीतच होते. एकदा दिरांनी हात वर केला, उतरून पाहिलं तर कुंपण बोटभर लांब होतं. पण आत गेला. बाहेर काढला, परत लावला. मग उन्हं वर येईपर्यंत तेच. कधी चटकन जायचा, कधी तिरका व्हायचा. तिरका झाला की मी पुढे घ्यायची. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

निघायच्या आधी दीर म्हणाले, मी एकदा बघू का. बसले, मागे घेतली, गाडा उजवीकडे झुकला. थांबले. गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग हातभर पुढे घेतली आणि पुढच्याच दमात गाडा असा आत नेला की दोन्हीकडचं अंतर मोजून घ्यावं. माझ्या त्या दिवशीच्या कुठल्याही खेपेपेक्षा सरळ. त्यांनी उतरून किल्ली माझ्या हातात दिली.

"रोज येऊ का, वैनी?"

मी नको म्हणाले. तुमची पहिली शिफ्ट असेल तेव्हा नाश्त्याला या म्हणाले. त्यांनी मान हलवली.

शुक्रवारी सकाळी नवरा गाडीत शेजारी पोह्यांची परात मांडीवर घेऊन बसला होता. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा मागे शिफ्टची बस येऊन थांबली. पहिल्या खेपेला गाडा भिंतीकडे गेला. बसवाल्याने हॉर्न दिला. मी पुढे घेतली. त्याला वाटलं मी निघाले, तो पुढे सरकला. मी हात बाहेर काढून थांब म्हटलं. तो खिडकीतून म्हणाला, "मावशी, किती वेळ?"

"बसलेत त्यांना विचार, नाश्ता झालाय का. झाला नसेल तर थांब."

बसमधून कोणीतरी हसलं. दुसऱ्या खेपेला डीपीकडे गेला, परत पुढे घेतली. तिसऱ्या खेपेला गाडा आत बसला. बस गेली. मी हँडब्रेक ओढला, उतरून चाकांना दगड लावले, साखळ्या काढल्या, हूक सोडला, गाडी पुढे नेऊन फाटकाच्या आतच भिंतीला लावली. नवऱ्याने ड्रम नळाखाली धरला. मी खिडकी वर टेकवली आणि शेगडी पेटवली.