उपासाने चढलेलं शिसं

"मॅडम, मशीन खोटं बोलतंय." पांडुरंगने रक्ताचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला. "मी शिशाला हातबी नाय लावला!"

हात लावला नव्हता, हे खरं. धाटावच्या एका रंगाच्या कारखान्यात मी आठवड्यातून दोनदा दवाखाना बघायची. पांडुरंग तिथे शेंदूर दळायच्या प्लांटवर होता. हा शेंदूर शिशाचा. त्याच्या रक्तात शिसं वाढलं, तेव्हा मी साहेबांशी भांडून त्याला प्लांटवरून काढून गेटवरच्या कामावर बसवलं. आता आकडा उतरायला हवा होता, आणि तो चढला होता. पांडुरंग कंत्राटी. आकडा उतरला नाही तर घरी, हे त्याला बजावलेलं होतं.

"जेवतोस काय?"

"जेवतो कुठं? श्रावन हाय. पोट रिकामा ठेवला की विष निघून जातं, सगलीच सांगतात. म्हणून यंदा रिपोर्टसाठी उपास कडक धरला. एकवेळ साबुदाना."

"दूध? सुकट?"

"श्रावनात सुकट? आय घरात घेल काय मला?"

मला हसू आलं नाही. शिसं रक्तात फार दिवस थांबत नाही, हाडांत जाऊन बसतं. तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटतं आणि लघवीवाटे जातं. पण खाण्यात कॅल्शियम नसलं की शरीर ते हाडांतून ओढतं. त्याबरोबर साठलेलं शिसंही रक्तात उतरतं. दूध, नाचणी, कवचासकट चावलेला जवळा, हे पोटात असतं तर हाडं बरीच वाचली असती. कारखान्याच्या पोस्टरवर मास्क होता, हातमोजे होते. जेवणाबद्दल चकार शब्द नव्हता.

मी पर्सोनेलच्या साहेबांकडे गेले.

"हे जुनंच शिसं आहे, हाडांतून आलंय. त्याला थोडा वेळ द्या. कॅन्टीनमधून दूध-अंडी द्या."

"कॅन्टीन परमनंट लोकांसाठी आहे, डॉक्टर. आणि उपास काय आम्ही सांगितला?"

"शिसं तर तुम्हीच दिलंत ना?"

साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. पांडुरंगचा गेटपास तोवर जमा झाला होता.

गणपती गेल्यावर तो पुन्हा नीट जेवू लागला. काही महिन्यांनी पेणच्या लॅबमध्ये मी त्याचं रक्त तपासून घेतलं. आकडा उतरला होता. रिपोर्ट घेऊन मी कारखान्यात गेले. गेटवरच्या खुर्चीत शेंदूर प्लांटचाच दुसरा माणूस बसला होता. तोही कंत्राटी.

शिसं अंगातून जायला वर्षं लागतात, आणि रोजचं पोटभर जेवण लागतं. माणूस कंपनीतून जायला एक रिपोर्ट पुरतो.