म्हशीवरची केस

आमच्या कोडवाल्या मामांपुढं 'पडलो' म्हणायची सोय नव्हती. "थांब. आधी चक्कर आली, का आधी पडलास?" एका लग्नात त्यांचे व्याही पंगतीतच घसरले. सगळे उचलायला धावले अन् मामा शेजारी उकिडवे बसून हेच विचारतायत! बीडच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला विम्याचा कोड, म्हणजे ठरलेला नंबर, लावणं हे मामांचं काम. शेजारच्या टेबलावर बसून त्यांची कटकट ऐकणं हे माझं.

मेंदूभोवती रक्तस्राव म्हटलं की त्यांना चेवच यायचा. "मार लागून झाला तर एक कोड, आपोआप झाला तर दुसरा. डॉक्टरनं लिहिल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी मी लावणार न्हाई!" लई चिडायचे मी. आज मामा नाहीत, तर ती कटकट ऐकायला जीव तरसतो.

एकदा पाली गावची एक सून बेशुद्ध होऊन आली. तपासणीत मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटलेली दिसत होती. नवऱ्यानं मात्र सांगितलं, म्हशीनं ढुशी मारली. फाइलीत दोन्ही उतरलं, मेळ बसेना, सरकारी विमा योजनेची मंजुरी अडकली आणि ऑपरेशनही. पोरगी वरच्या वॉर्डात मरणाच्या दारात.

"ढुशी मारताना कुणी पाहिलं?" मामांनी विचारलं. झालं! दुपारी तिच्या सासरची मंडळी पुरावा म्हणून टेम्पोत घालून म्हैसच घेऊन आली. फाटकावर ही गर्दी! मामा डॉक्टरांना हाताला धरून खाली घेऊन आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ठीक. आता म्हशीवर केस. पोलीस घेऊन जातील हिला."

सासू म्हशीच्या गळ्यातच पडली. "अवो, तिनं काय बी केलं न्हाई! ती लांब बांधल्याली व्हती. सूनच डोकं धरून 'फुटलं, फुटलं' म्हनली अन् मग आडवी झाली!"

"मग खोटं कावून बोललास बे?" मामा नवऱ्यावर ओरडले.

"मार लागला म्हनलं की लवकर घेतेत, असं गावात सांगितलं, साहेब," तो रडकुंडीला आला.

डॉक्टरांनी सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि तिथंच उभ्यानं नोंद दुरुस्त केली. मामांनी कोड लावला, मंजुरी आली, ऑपरेशन झालं.

पुढं सासूनं आम्हा दोघांना ओढतच वॉर्डात नेलं. डोक्याला पट्टी बांधलेली ती पोरगी बशीतून चहा पीत होती. मामांनी तोंड उघडलं. मला वाटलं, झाली चौकशी सुरू. पण त्यांनी तिच्या खाटेशी स्टूल ओढून घेतलं. तिनं बशी पुढं केली, "घ्या की मामा."

मामांनी बशी घेतली. तिच्याकडंच बघत प्यायले, निम्मा चहा सदऱ्यावर सांडला.